फूड बँकेच्या गोदामात नेमकं काय चालतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, गोदामाच्या दारात आणि स्वयंसेवकांच्या पहिल्या दिवशी जे प्रश्न हमखास येतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाला फारसा अर्थ नाही. ज्यांना मदत हवी आहे त्यांनी थेट 'मला अन्न हवं आहे, काय करू?' या प्रश्नावर जावं. बाकीचं सवडीनं वाचलं तरी चालेल.

फूड बँक म्हणजे काय? तिथे जाऊन अन्न घ्यायचं का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. प्रादेशिक फूड बँक हा घाऊक कारभार असतो. मोठं गोदाम, शीतगृह, ट्रक, वजनकाटा आणि दिवसभर वाजणारे फोन. ती अन्न मिळवते, तपासते, साठवते आणि आपल्या भागातल्या छोट्या संस्थांकडे रवाना करते. वस्तीतली वाटप केंद्रं, गरम जेवण देणारी स्वयंपाकघरं, बेघरांचे निवारे, शाळा सुटल्यावर चालणारे मुलांचे वर्ग, वृद्धांची केंद्रं या त्या सहयोगी संस्था. पिशवी तुमच्या हातात येते ती त्यांच्याकडून.

मग मध्ये हे गोदाम कशाला? कारण देणाऱ्याचं माप आणि घेणाऱ्याचं माप जुळत नाही. कारखान्याकडे एकाच प्रकारचा ट्रकभर माल असतो आणि तो संध्याकाळच्या आत हलवायचा असतो. वाटप केंद्राला दहा प्रकारची चार-चार खोकी हवी असतात, तीही गुरुवारी सकाळी, कारण त्यांच्याकडे शीतकपाट एकच आणि माणसं गुरुवारीच येणार. हे दोघं एकमेकांना थेट फोन करून काहीच साधत नाही. 'प्रादेशिक' हा शब्दही त्याचसाठी: एका गावापुरतं शीतगृह आणि ट्रकचा ताफा परवडत नाही, अनेक गावं मिळून परवडतो.

'बँक' हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. पैशाच्या बँकेत ठेव जितकी मुरेल तितकी चांगली. इथे ठेव मुरली की कुजते. गोदाम भरलेलं दिसलं की पाहुणे खूश होतात. गोदाम सांभाळणाऱ्याला तेव्हा झोप येत नाही.

ही कल्पना कोणाची?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ एका स्वयंपाकघरात स्वयंसेवक म्हणून काम करत. तिथे त्यांची एका आईशी गाठ पडली. दुकानांच्या मागच्या कचरापेट्यांमधून चांगलं अन्न वेचून ती आपल्या मुलांची पोटं भरत होती. टाकलेलं अन्न चांगलं असतं, ते ठेवायला आणि लागेल तेव्हा काढायला बँकेसारखी एखादी जागा हवी, असं तिचं म्हणणं. १९६७ साली सेंट मेरीज चर्चनं हेंगेल यांना एक पडीक इमारत वापरायला दिली आणि 'सेंट मेरीज फूड बँक' सुरू झाली. जगातली पहिली फूड बँक म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. पहिल्या वर्षात तिथून २,७५,००० पौंड, म्हणजे सव्वाशे टनांच्या आसपास अन्न वाटलं गेलं. इतिहासात नाव हेंगेल यांचं राहिलं. कल्पना सुचलेल्या बाईचं नाव कुठल्या फलकावर दिसत नाही, हे मला दरवेळी खटकतं.

पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या फूड बँकांचं 'सेकंड हार्वेस्ट' हे जाळं उभं राहिलं. २००८ पासून ते 'फीडिंग अमेरिका' म्हणून ओळखलं जातं आणि त्यात सुमारे २०० फूड बँका आहेत. युरोपात पहिली फूड बँक १९८४ मध्ये फ्रान्समध्ये निघाली, १९८६ मध्ये युरोपीय महासंघ झाला, आणि २००६ मध्ये 'ग्लोबल फूडबँकिंग नेटवर्क' ही जागतिक पातळीवरची संस्था.

एवढं अन्न येतं कुठून?

लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो शाळेच्या दारातला 'इथे अन्नदान करा' लिहिलेला खोका. गोदामात येणाऱ्या मालात त्या खोक्यांचा वाटा अगदी छोटा असतो.

मोठा वाटा दुकानांचा. मोठी दुकानं रोज सकाळी फडताळं चाळतात: विक्रीची तारीख जवळ आलेलं दूध, एक फळ खराब झाल्यामुळे अख्खी बाजूला काढलेली फळांची पिशवी, आदल्या दिवशीचा पाव. आमचा ट्रक ठरलेल्या वेळी मागच्या दाराशी लागला तर हे सगळं आमचं. अर्धा तास उशीर झाला तर कचऱ्याच्या गाडीचं. माल टाकून देणारा दुकानातला मुलगा काही दुष्ट नसतो. त्याला नवा माल लावायला जागा करायची असते.

दुसरा स्रोत कारखाने. वेष्टनावर छपाईची चूक झाली, वजन पाच ग्रॅमनं कमी भरलं, सणासाठी छापलेली खोकी सण उलटला तरी शिल्लक राहिली, नवीन चव लोकांना रुचली नाही. आतला पदार्थ धडधाकट असतो, बाजारात त्याला किंमत उरलेली नसते. घटकांच्या यादीतच चूक असेल तर मात्र गंमत नाही. शेंगदाणे असून ते लिहिलेले नसतील तर नवं लेबल चिकटवल्याशिवाय तो माल हलत नाही, कारण ॲलर्जी असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं.

तिसरा स्रोत शेतं. वाकडी, बारकी, डाग पडलेली भाजी. किंवा भाव इतका पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून उभं सोडलेलं पीक. काही फूड बँका स्वयंसेवक घेऊन शेतात उतरतात आणि मागे राहिलेलं पीक वेचतात. सुगीनंतर शेतात पडलेला सर्वा वेचण्याचंच हे नवं रूप, फक्त आता शेवटी वजनकाटा असतो.

उरलेलं सरकारी खरेदीतून येतं, आणि काही आम्ही स्वतः विकत घेतो. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. पण दान मिळतं ते देणाऱ्याकडे उरलेलं असतं, घेणाऱ्याला हवं असलेलं असतंच असं नाही. प्रथिनं, तेल, डाळी, बाळांचं अन्न या गोष्टी क्वचितच उरतात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगभरात दुकानं, उपाहारगृहं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाच्या १९ टक्के. यातलं साधारण ६० टक्के घराघरांतलं आहे, म्हणजे शीतकपाटाच्या मागच्या कोपऱ्यात विसरलेलं. त्याला कोणतीही फूड बँक हात लावू शकत नाही. आमचा ट्रक पोचू शकतो तो उरलेल्या भागापर्यंत, आणि तिथेही वेळेवर पोचला तरच.

मला अन्न हवं आहे, काय करू?

तुमच्या भागातल्या फूड बँकेला फोन करा किंवा तिच्या संकेतस्थळावरची केंद्रांची यादी पाहा. जवळचं केंद्र, त्याचा वार आणि वेळ एवढंच विचारा. आपली सगळी कहाणी फोनवर सांगायची गरज नाही.

केंद्रावर सहसा नाव, राहण्याचा भाग आणि घरात किती माणसं एवढं विचारतात. माणसांच्या संख्येवरून पिशवी किती मोठी ते ठरतं. सरकारनं विकत घेतलेलं अन्न असेल तर उत्पन्न मर्यादेत असल्याचं लिहून द्यावं लागू शकतं. तो नियम सरकारचा, केंद्राचा नव्हे. एका केंद्रानं 'तुमचा भाग आमच्याकडे येत नाही' म्हटलं तर तिथेच विचारा की मग कोणाकडे येतो. हात हलवत परत पाठवणं हे चांगल्या केंद्राचं लक्षण नाही, निदान त्या दिवसापुरतं काहीतरी द्यायला हवं.

स्वतःला जाता येत नसेल तर बहुतेक ठिकाणी चिठ्ठी देऊन शेजारी किंवा नातेवाइकाला पाठवता येतं. आधी विचारून घ्या. जिथे वाहनाशिवाय पोचणं अवघड आहे तिथे फिरतं केंद्र येतं: ट्रक ठरलेल्या मैदानात उभा राहतो, बाजूचं दार उघडतं आणि तिथेच वाटप होतं.

मला नोकरी आहे. तरी येऊ का? माझ्यापेक्षा गरजू लोक असतील ना?

या. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी अनेक जण कामावरून आलेले असतात, काही तर कामाचा गणवेश घालूनच. भाडं, औषधं आणि शाळेचा खर्च भागवल्यावर ज्या खर्चाला कात्री लावता येते तो एकच, जेवणाचा. भाडं अर्धं देता येत नाही, जेवण अर्धं खाता येतं. तुम्ही घेतल्यानं दुसऱ्याचं कमी होतं ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. ताजा माल तर न उचलल्यामुळेच वाया जातो.

पिशवीत काय घालायचं ते तुम्ही का ठरवता?

रास्त प्रश्न. पूर्वी जवळपास सगळीकडे बांधलेली पिशवी मिळे. भरायला सोपी, द्यायला सोपी, हिशेबाला सोपी. घेणाऱ्याला मात्र मधुमेह असला तरी गोड बिस्किटं, ओव्हन नसला तरी ओव्हनचे पदार्थ, दात नसले तरी कडक टोस्ट.

एकदा मी केंद्राच्या दारात उभा होतो. एका आजोबांनी पिशवी घेतली, पायरीवर बसले, ती उघडली, आणि दोन डबे काढून पायरीच्या कडेला नीट लेबल समोर येईल असे मांडून ठेवले. मी जाऊन पाहिलं. डब्यांना ओढायची कडी नव्हती. त्यांच्याकडे डबा फोडायचं साधन नव्हतं, असलं तरी त्या थरथरत्या बोटांना ते झेपलं नसतं. आमच्या नोंदीत ते दोन डबे 'वाटप झाले' असेच राहिले.

आता बरीच केंद्रं दुकानासारखी मांडणी करतात. फडताळांवर माल, प्रत्येक प्रकारातून किती घ्यायचं त्याची मर्यादा लिहिलेली, आणि माणूस स्वतः निवडतो. याला जागा जास्त लागते आणि रांग हळू सरकते, म्हणून छोटी केंद्रं कां कूं करतात. पण नको असलेलं फडताळावरच राहतं आणि ते दुसऱ्या कोणाला तरी हवं असतं. माझ्या मते शक्य असेल तिथे हीच पद्धत असावी.

कोणी खोटं सांगून अन्न नेलं तर?

नेतो कोणीतरी. फार कमी. एकाला पकडण्यासाठी शंभर जणांकडून कागद मागितले तर त्या शंभरातले कित्येक जण पुन्हा येत नाहीत, आणि न येणारे बहुधा खरे गरजूच असतात. शिवाय कागद तपासायला माणूस लागतो, तोच माणूस बटाटे निवडू शकतो.

मुदत संपलेलं अन्न वाटता का?

यावर सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

वेष्टनावरच्या तारखा एका जातीच्या नसतात. 'बेस्ट बिफोर' म्हणजे या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, रंग उत्तम राहील अशी उत्पादकाची हमी. त्यानंतर पदार्थ विषारी होत नाही. कोरडं, बंद, नीट ठेवलेलं धान्य किंवा डबाबंद पदार्थ नंतरही खाण्याजोगा असतो. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख. मांस, काही दुग्धजन्य आणि तयार पदार्थांवर ती असते आणि ती उलटली की विषय संपला. दुकानांच्या सोयीची 'सेल बाय' म्हणजे फडताळावरून कधी हलवायचं याची आठवण, खाणाऱ्याशी तिचा संबंध कमी. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, आणि 'बेस्ट बिफोर' उलटलेलं द्यायचं की नाही ते त्या नियमांवर ठरतं. बाळांच्या दुधाची पावडर मात्र तारीख उलटल्यावर कोणीही देऊ नये. तिच्यातली पोषकद्रव्यं कमी झालेली असतात आणि बाळाचं दुसरं अन्नच नसतं.

डब्यांच्या बाबतीत तारखेपेक्षा डबा स्वतः जास्त सांगतो. नव्या स्वयंसेवकांना मी डोळे मिटून डबा हातात घ्यायला सांगतो. अंगठा वरच्या कडेवरून गोल फिरवायचा. जिथे झाकण आणि अंग एकत्र दुमडलं आहे त्या शिवणीवर पोचा असेल तर डबा बाद. मधल्या भागात उथळ पोचा असेल आणि टोक टोचत नसेल तर चालतो. मग तळ आणि झाकण दाबायचं. फुगलेलं असेल, किंवा दाबल्यावर टक्कन आत-बाहेर होत असेल, तर तो डबा उघडायचाही नाही, वास घेऊन बघायचाही नाही. आत बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढलेले असू शकतात आणि त्यांचं विष अत्यल्प प्रमाणातही घातक असतं. गंज बोटानं पुसून गेला तर ठीक, खोलवर खड्डे पडले असतील तर फेका. दोन तासांत माणूस तयार होतो. त्यानंतर तो स्वतःच्या घरातले डबेही उलटेपालटे करायला लागतो, हा अनुभव आहे.

गोदामात माल आल्यावर पुढे काय होतं?

आधी वजन, मग तापमान. थंड माल ५ अंश सेल्सिअसच्या आत हवा, गोठवलेला उणे १८ च्या आसपास. ट्रकचं दार उघडल्याबरोबर थर्मामीटर लावला जातो आणि आकडा लिहून ठेवला जातो. आकडा जास्त निघाला तर माल परत. चालकानं कितीही 'आत्ताच तर भरलाय' म्हटलं तरी.

मग प्रत्येक पॅलेटला, म्हणजे खोकी रचलेल्या फळ्यांच्या चौकटीला, क्रमांक मिळतो: कोणाकडून आलं, कधी, कुठली बॅच, मुदत काय. हा क्रमांक कंटाळवाणा वाटतो, पण एखाद्या कंपनीनं माल परत मागवला की त्याचीच किंमत कळते. ती बॅच कुठल्या केंद्रांना गेली ते ताबडतोब सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर सगळ्याच केंद्रांना फोन करावे लागतात आणि चांगलाही माल फेकला जातो.

साठवणुकीचा नियम एकच: ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. 'आधी आलेलं आधी बाहेर' इथे पुरत नाही, कारण काल आलेलं दही महिन्यापूर्वी आलेल्या तांदळाच्या आधी जायला हवं. खोकी भिंतीला चिकटवायची नाहीत, जमिनीवर ठेवायची नाहीत, साबण आणि अन्न एका पॅलेटवर कधीच नाही. उंदीर आत आलाय का हे पाहता यावं म्हणून भिंतीलगत मोकळी पट्टी सोडतात. नवीन माणूस पहिल्याच दिवशी तिथे खोकं ठेवतो. मीही ठेवलं होतं.

कोणत्या संस्थेला काय द्यायचं, हे कोण ठरवतं?

गोदामाच्या पातळीवर संस्था यादी पाहून मागणी नोंदवतात. टंचाईच्या मालाला मर्यादा असते, म्हणजे जवळची किंवा मोठ्या आवाजाची संस्था सगळं नेऊ शकत नाही. ताज्या भाजीला बहुधा मर्यादाच नसते, 'न्या बाबांनो' अशी स्थिती असते.

देशपातळीवर हा प्रश्न फार गुंतागुंतीचा होतो आणि त्यावरचं एक उत्तर मला अतिशय आवडतं. अमेरिकेत पूर्वी मध्यवर्ती कार्यालय रांगेप्रमाणे फूड बँकांना माल देऊ करायचं. कोणाकडे काय आधीच पडून आहे हे वर बसलेल्यांना कसं कळणार? बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहोला बटाटेच पाठवायचे, असा तो प्रकार. शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ कॅनिस प्रेंडरगास्ट आणि त्यांचे सहकारी यांनी फूड बँकांच्या लोकांबरोबर बसून २००५ मध्ये नवी पद्धत आणली. प्रत्येक फूड बँकेला लुटुपुटीचं चलन मिळतं, 'शेअर्स'. ज्या भागात गरज जास्त त्याला जास्त शेअर्स. मग आलेल्या ट्रकवर बोली लागते. ज्यांना स्थानिक दुकानांकडून भरपूर भाजी मिळते ते शेअर्स साठवून टिकाऊ मालावर लावतात. ज्यांच्याकडे काहीच नाही ते स्वस्तात भाजी भरून नेतात. कोणालाच नको असलेल्या मालाची बोली शून्याच्या खालीही जाते, म्हणजे तो माल उचलला तर वर शेअर्स मिळतात! धर्मादाय कामात लिलाव म्हटल्यावर सुरुवातीला पुष्कळांनी नाकं मुरडली. पण खरे पैसे कुठेच फिरत नाहीत आणि कोणाला काय हवं ते त्यांच्याच तोंडून कळतं. बांधलेल्या पिशवीऐवजी फडताळं मांडण्यासारखंच हे, फक्त ट्रकच्या मापानं.

सहयोगी संस्थांकडून पैसे घेता का?

काही फूड बँका वजनामागे थोडं हाताळणी शुल्क घेतात, काहींनी ते बंद केलं आहे. अन्न विकण्याचा हा प्रकार नाही, वीज आणि डिझेलच्या खर्चातला तो वाटा. शेवटी अन्न घेणाऱ्या माणसाकडून मात्र पैसे घ्यायला कोणालाही परवानगी नसते. कोणी मागितले तर आम्हाला कळवा.

पैसे देऊ की वस्तू?

पैसे.

खुलासा हवा असेल तर हा घ्या. तुम्ही दुकानातून एक डबा किरकोळ भावानं घेता, खोक्यात टाकता. तो खोका उचलायला माणूस जातो, गोदामात तो उघडून प्रत्येक वस्तू हातानं तपासावी लागते, एका जातीच्या वस्तू एकत्र कराव्या लागतात. तेवढ्याच पैशांत आम्ही घाऊक भावानं कितीतरी जास्त घेतो, आणि तेही नेमकं जे कमी पडलं आहे ते. शिवाय कारखाना ट्रकभर माल फुकट देऊ म्हणतो तेव्हा आम्हाला अडतं ते ट्रकच्या डिझेलपाशी.

वस्तूंच्या मोहिमा तरीही बंद कराव्यात असं मी म्हणणार नाही. शाळेतली मुलं खोका सजवतात, घरी जाऊन विचारतात, त्यातून पुढचे स्वयंसेवक मिळतात. फक्त आधी फोन करून काय हवं ते विचारा. मी एकदा एकच खोका उघडून यादी केली होती: पास्त्याची सात पाकिटं, अर्धी वापरलेली जॅमची बाटली, वाढदिवसाच्या मेणबत्त्या, कुत्र्याचं खाणं आणि एक चमचा. कुत्र्याचं खाणं लगेच गेलं, त्याला खरंच मागणी असते.

काय देऊ नये?

उघडलेलं, घरी केलेलं, घरी बरणीत भरलेलं, काचेच्या तडकलेल्या बाटल्या, लेबल नसलेले डबे, मद्य. औषधं तर नाहीच.

समारंभात उरलेलं जेवण घेता का?

काही संस्था घेतात, प्रत्येक फूड बँक नाही. शिजवलेल्या अन्नाचं घड्याळ फार वेगानं पळतं. गरम जेवण ६० अंशांच्या वर किंवा थंड ५ च्या खाली असायला हवं. मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात आणि दोन तासांहून जास्त वेळ तिथे राहिलेलं अन्न धोक्याचं समजावं. पाहुण्यांच्या पानात वाढलेलं, किंवा टेबलावर उघडं राहिलेलं घेतलं जात नाही. स्वयंपाकघरात झाकून, गरम ठेवलेलं, न वाढलेलं असेल तर शक्यता आहे. कार्यक्रम संपल्यावर रात्री अकराला फोन करू नका. आदल्या आठवड्यात करा.

आमच्या कंपनीनं दिलेलं अन्न खाऊन कोणी आजारी पडलं तर खटला आमच्यावर येईल ना?

याच भीतीनं कित्येक टन अन्न कचऱ्यात जातं. अमेरिकेत १९९६ च्या बिल इमर्सन कायद्यानं सद्हेतूनं अन्नदान करणाऱ्याला दायित्वातून संरक्षण दिलं. घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेलं गैरकृत्य असेल तर संरक्षण नाही. इटलीनं २००३ मध्ये तशाच विचाराचा कायदा केला. फ्रान्स २०१६ मध्ये एक पाऊल पुढे गेला: ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांनी न विकलेलं खाण्याजोगं अन्न मुद्दाम खराब करायचं नाही आणि धर्मादाय संस्थांशी करार करायचा. तुमच्या देशात काय आहे ते वकिलाला विचारा, पण विचारा. 'आमच्याकडे परवानगी नाही' असं सांगणाऱ्या कित्येकांनी तो कायदा उघडूनही पाहिलेला नसतो.

नुसती बिस्किटं आणि सरबतंच वाटता, असं ऐकलं.

काही काळ ते बऱ्याच अंशी खरं होतं. अधिक वजन म्हणजे अधिक काम, असा हिशेब होता आणि सरबत चांगलंच जड असतं. हळूहळू फूड बँका पोषणाकडे पाहू लागल्या. २०२० मध्ये अमेरिकेत धर्मादाय अन्नासाठी पोषणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात संपृक्त चरबी, सोडियम आणि वरून घातलेली साखर यांवरून पदार्थांचे तीन गट केले जातात, सिग्नलच्या हिरव्या, पिवळ्या, लाल दिव्यांसारखे. काही ठिकाणी गोड पेयांचं दान नम्रपणे नाकारलंही जातं. देणगीदाराला नाही म्हणणं सोपं नसतं, कारण उद्या त्याच्याकडूनच दूध हवं असतं.

'इतकी लाख जेवणं दिली' हा आकडा कसा काढता?

वजनाला भागून. अमेरिकेत १.२ पौंड, म्हणजे साधारण ५४५ ग्रॅम अन्न म्हणजे एक जेवण असं धरतात. ताटं कोणी मोजत नाही. या हिशेबात ५४५ ग्रॅम कलिंगडही एक जेवण आणि तेवढीच डाळही एकच जेवण, जी खरं तर चार-पाच माणसांना पुरेल. आकडा निरुपयोगी नाही. गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी ते कळतं. अहवाल वाचताना मात्र 'जेवणं' शब्दाखाली किलो दडलेले असतात हे लक्षात असू द्या, आणि भाजीचं, प्रथिनांचं प्रमाण वेगळं विचारा.

मोठं संकट आलं की काय होतं?

मागणी वाढते आणि पुरवठा त्याच आठवड्यात आटतो. २०२० च्या साथीत हेच झालं. लोकांनी दुकानं रिकामी केल्यामुळे दुकानांकडे उरलंच काही नाही. स्वयंसेवकांत निवृत्त लोक जास्त; त्यांनाच घरी बसणं भाग होतं. त्या एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो फूड बँकेच्या एकाच दिवसाच्या वाटपाला सुमारे १०,००० कुटुंबं आली होती, मोटारींच्या रांगा करून. नोकरी जाऊन महिनाही झाला नव्हता अशी माणसं त्यात होती.

स्वयंसेवक म्हणून नेमकं काय करावं लागेल?

तीन तास उभं राहून गाजरं निवडाल. कोणी मोठं भाषण करणार नाही. बंद पायाचे बूट घाला, शीतगृहात काम असेल तर स्वेटर आणा. सणासुदीला स्वयंसेवकांची रीघ लागते आणि महिनाभरानं गोदामात शुकशुकाट असतो. तेव्हा, मंगळवारी दुपारी, याल तर आम्ही तुमचं नाव विसरणार नाही. मालवाहू गाडी चालवता येत असेल, किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर कळत असेल, तर ते आधी सांगा.

फूड बँकांनी भूक संपेल का?

नाही. २०२४ मध्ये जगात सुमारे ६७.३ कोटी लोक भुकेला तोंड देत होते, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक जिथे राहतात तिथे उरलेल्या मालाचं मोठं दुकानच नाही. आणि जिथे आहे तिथेही अडचण अन्नाच्या तुटवड्याची कमी आणि पगार, भाडं, आजारपणाची जास्त असते. ते प्रश्न गोदामातून सुटत नाहीत.

कॅनडातली पहिली फूड बँक १९८१ मध्ये एडमंटनला निघाली ती तात्पुरती सोय म्हणून. आजही सुरू आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये सरकारी अन्न फूड बँकांमार्फत वाटायची योजना आली, तिच्या नावातला पहिला शब्द होता 'टेम्पररी'. १९९० मध्ये तो शब्द काढला आणि त्या जागी नुसतं 'द' ठेवलं. इंग्रजीत दोन्हींचं आद्याक्षर एकच, त्यामुळे योजनेचं लघुरूप बदलावंच लागलं नाही.

पहिल्यांदाच केंद्रावर येतोय. सोबत काय आणू?

दोन मजबूत पिशव्या, शक्य असेल तर एक जाड कापडाची, कारण गोठवलेल्या मालानं कागदी पिशवीचा तळ भिजून फाटतो. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर ती लिहून आणा. चूल, ओव्हन, शीतकपाट यांपैकी काय नाही ते सांगा, त्यावरून माल बदलून देतात. वेळेच्या फार आधी येऊन उन्हात उभं राहू नका. पहिल्या आलेल्याला जास्त मिळतं ही अफवा आहे. आणि डबा फोडायचं साधन नसेल तर तेही सांगा. आमच्या केंद्रावर आता अशी साधनं टेबलाखालच्या खोक्यात ठेवलेली असतात.